घोड्याचे खूर आणि माथेरानची तांबडी माती

गेल्या हिवाळ्यात भोसरीतील एका शाळेची सातवीची मुले माथेरानला निघाली, तेव्हा शिक्षकांनी मलाही बरोबर घेतले. दस्तुरी नाक्यावर बस थांबली. तेथून पुढे रुग्णवाहिका व अलीकडच्या ई-रिक्षा सोडल्या तर मोटारींना बंदी. चालायचे, नाहीतर घोड्यावर बसायचे. ट्रकच्या भोंग्यांत वाढलेल्या आमच्या मुलांना जंगलातली ती शांतता नवीनच होती. घोड्यावरून उतरताच एका मुलीने विचारले, "सर, इथे गाड्याच नाहीत, मग एवढी धूळ कुठून येते?" सगळ्यांचे बूटमोजे तांबडे झाले होते.

माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. २००३ साली केंद्र शासनाने ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केले. डोंगर काळ्या बेसाल्टचा, पण माथ्यावर जांभ्याचा थर आहे. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातील सिलिका धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली. तांबडा रंग या लोहाचा. झाडांच्या मुळांनी आणि पालापाचोळ्याने धरून ठेवली आहे तोवर ही माती टिकते.

आता थोडे गणित करू. घोडा ३०० किलो, स्वार ६० आणि खोगीर १० किलो धरू. चालताना घोड्याचे कधी दोन, कधी तीन पाय जमिनीवर असतात. दोनच आहेत असे मानले तर एका पायावर १८५ किलो भार येतो. खुराचे क्षेत्रफळ सुमारे १०० चौरस सेंटिमीटर घेतले, तर दाब चौरस सेंटिमीटरला १.८५ किलो होतो. बूट घातलेला ६० किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला, तर तो ०.४ च्या आसपास भरतो. म्हणजे घोड्याचा दाब साडेचार पटींहून अधिक! मोटारीच्या टायरात तीस पौंड हवा भरतात, तो दाबही साधारण २.१ किलोच. एवढा मोठा प्राणी एकेका बोटावर चालतो, त्याचा हा परिणाम. (घोड्याचा खूर म्हणजे मधल्या बोटाचे नखच.) पत्रा कापणारा पंच टोकाशी लहान का ठेवतात, हे आमच्या वर्गातील निम्म्या मुलांना घरूनच ठाऊक असते, तेच तत्त्व येथे आहे.

पण नुसता दाब माती उखडत नाही, उलट ती घट्ट करतो. चढावर घोडा खुराची पुढची कड मातीत रोवतो आणि मागे रेटा देतो. त्या रेट्याने वरचा थर सुटतो, उन्हात त्याची धूळ होते आणि जूनमध्ये पाण्याबरोबर उताराला लागते. खालची घट्ट झालेली जमीन पाणी मुरू देत नाही, त्यामुळे वरून वाहणारे पाणी वाढते. वाटेकडेच्या झाडांची उघडी पडलेली मुळे आम्ही मोजली. एका ठिकाणी वीतभर माती गेलेली होती.

यावर उपाय म्हणून रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवण्यास सुरुवात झाली. त्यांवरून घोडे घसरतात, असा घोडेवाल्यांचा आक्षेप आहे. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आक्षेप शास्त्राला धरूनच आहे. कठीण पृष्ठभागावर नालेची फक्त कड टेकते, ती आत रुतत नाही, आणि गुळगुळीत पृष्ठभागावर लोखंडाचे घर्षण कमी. ज्या रुतण्यामुळे माती सुटते, त्याच रुतण्यावर घोड्याचा तोल आणि त्याच्या मालकाची रोजी अवलंबून आहे. आमचा घोडेवाला ब्लॉक आले की घोडा कडेच्या मातीवर घेई. मला त्याला दोष देता येईना.

हा प्रयोग शाळेच्या अंगणात करता येईल. दोन पसरट ट्रेंमध्ये सारखी माती भरा. एकीतील माती विटेच्या कडेने तिरके रेटत उकरा, दुसरीला हात लावू नका. दोन्हींना सारखा उतार द्या, झारीने सारखेच पाणी घाला आणि वाहून आलेले पाणी काचेच्या बरण्यांत धरा. रात्रभर ठेवून सकाळी तळाचा गाळ पट्टीने मोजा. आमच्या मुलांनी तिसरी ट्रेही मांडली. तिच्यात वाळलेली पाने पसरली होती, आणि तिचे पाणी सर्वांत नितळ निघाले.