झाडणारें यंत्र अडलें तेव्हां

घरांत यंत्रें आलीं म्हणजे त्यांचीं दुखणींहि त्यांच्याबरोबर येतात, आणि माणसाच्या दुखण्याप्रमाणेंच त्यांविषयीं घरांतील प्रत्येकाचें निदान निराळें असतें. आमच्या पुण्यांतील घरीं गेल्या श्रावणांत असाच प्रसंग आला. जमिनीवर आपोआप फिरून केर ओढून घेणारें तें थाळीएवढें यंत्र (मुलें त्यास ‘रोबो’ म्हणतात) एके दिवशीं सकाळीं देवघरासमोर थांबलें. आंतला ब्रश अडकल्याचें त्यानें इंग्रजींत सांगितलें. पुन्हां सुरू करावें, तर दोन-चार सेकंदांत पुन्हां तेंच रडगाणें!

यंत्र चैनीसाठीं आणलेलें नव्हतें. मातोश्रींच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेली. वांकून केर काढूं नये अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. कामाच्या बाई येतात दहा वाजतां, आणि पूजेपूर्वीं देवघर व माजघर झाडलेलें असलेंच पाहिजे हा मातोश्रींचा पन्नास वर्षांचा नेम. यंत्र थांबल्याच्या दुसऱ्याच दिवशीं पहाटे माजघरांतून केरसुणीचा आवाज ऐकूं आला, तेव्हां आम्हां सर्वांसच अपराध्यासारखें झालें.

दादांनीं यंत्र उलटें केलें, ब्रशाभोंवतीं गुंडाळलेला केसांचा पुंजका चिमटींत धरून सर्वांस दाखविला, आणि तेथल्या तेथें निकाल देऊन टाकला. घरांत लांब केस एकट्या वहिनींचे. पुंजका काढूनहि यंत्र चालेना, म्हणून तें एका दुकानांत नेलें. तेथील माणसानें तें न उघडतांच मोटार जळाल्याचें सांगितलें व यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम मागितली. त्या रात्रीं जेवतांना दादांनीं पुन्हां केसांचा विषय काढला. वहिनी आमटी वाढतां वाढतां एवढेंच म्हणाल्या, “मग कापूनच टाकतें.” पुढें पानावर कोणी बोललें नाहीं.

जेवणें आटोपल्यावर मी यंत्र व स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलों.

येथें वाचकांस थोडें शास्त्र सांगितलें पाहिजे. कारण अडलेली मोटार म्हणजे जळालेली मोटार, असा गैरसमज दुकानांतूनहि आढळतो. मोटार फिरूं लागली कीं तिच्या तारेच्या वेटोळ्यांत बॅटरीच्या उलट दिशेचा विद्युद्दाब आपोआप उत्पन्न होतो, आणि येणाऱ्या प्रवाहास तोच आवर घालतो. मोटार अडली कीं हा आवर नाहींसा होतो, आणि प्रवाहाच्या वाटेंत केवळ तारेचा रोध उरतो. समजा, बॅटरी १४.४ व्होल्टची, वेटोळ्याचा रोध ३ ओहम, आणि सुरळीत चालतांना प्रवाह ०.४ अँपिअर. मोटार अडतांच हा प्रवाह ४.८ अँपिअर, म्हणजे १२ पट होतो. पण तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, म्हणून ती १२ पट न होतां १४४ पट होते. अंगठ्याएवढ्या मोटारींत जवळजवळ ७० वॉट! पूर्वीच्या तारेच्या दिव्याची कांच हातानें धरून ज्यानें पाहिली असेल, त्यास ही आंच समजेल. यासाठींच यंत्रांतील नियंत्रक त्या प्रवाहावर सारखी नजर ठेवतो, आणि तो मर्यादेबाहेर चढतांच मोटार बंद करून तक्रार करतो. म्हणजे आमचें यंत्र जें रोज ओरडत होतें, तें मोटार वांचविण्यासाठींच. दादा मात्र दर दहा मिनिटांनीं बटण दाबून त्याची परीक्षा पाहत होते. मोटार खरोखरच जाळावयाची असेल तर त्याहून चांगला उपाय नाहीं.

मीं प्रथम ब्रश काढून बाजूस ठेवला आणि यंत्र नुसतेंच क्षणभर चालविलें. मोटार मंजुळ गुणगुणली. दुकानांतील निदान तेथेंच खोटें ठरलें; मोटार ठीक होती, तिच्यावरील भार वाढला होता. आतां भार म्हणजे ब्रश, आणि तो तर केसांवांचून स्वच्छ दिसत होता. त्याचीं दोन्ही टोकें बोटांत धरून फिरविलीं. एक टोक मोकळें फिरलें, दुसरें मात्र गंजलेल्या बिजागरीसारखें करकरलें. त्या टोकास एक लहानशी टोपी असते. ती घट्ट बसलेली असल्यामुळें बहुतेकांस ती ब्रशाचाच भाग वाटते. परंतु जरा जोर केला कीं निघते. आमची निघाली, आणि तिच्याखालीं आंसाभोंवतीं काळ्या मेणासारखें कांहींतरी कड्याप्रमाणें आवळलेलें दिसलें.

वहिनींनीं शिवणाच्या डब्यांतून टांके उसवण्याचें हत्यार आणून दिलें. आंसाच्या लांबीच्या दिशेनें तें हलकेंच ओढलें. आडवें चालविलें असतें तर प्लास्टिकवर चरे पडले असते. वेढ्यांमागून वेढे सुटूं लागले. तो पांढरा दोरा होता. हाराचा!

या यंत्राचा वंश पाहिला तर यांत नवल नाहीं. १९०१ मध्यें लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनीं केर ओढणारें यंत्र केलें, तें घोड्यांच्या गाडीवर रस्त्यांत उभें राही आणि त्याच्या नळ्या खिडक्यांतून दिवाणखान्यांत सोडीत. आपोआप फिरणारें यंत्र २००१ मध्यें स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सनें ‘ट्रायलोबाइट’ या नांवानें विकावयास काढलें, आणि पुढल्याच वर्षीं अमेरिकेंत ‘रूम्बा’ आला. त्यांच्या कर्त्यांच्या डोळ्यांपुढें गालिचे होते. देवाच्या हाराचा दोरा, अक्षता, रांगोळी यांचा विचार त्यांनीं कां करावा? त्यांत रांगोळी सर्वांत वाईट. ती दगडाची पूड. दंतचक्रांत शिरली कीं त्यांस कानस लावल्याप्रमाणें झिजविते. यंत्र सोडण्यापूर्वीं ती हातानेंच भरून घ्यावी.

एवढ्यांत आत्याबाई खोबरेलाची वाटी घेऊन आल्या. ती मोठ्या अदबीनें परत पाठवावी लागली. आंसाला तेल लावलें कीं आठ दिवस यंत्र लोण्यासारखें फिरतें, पुढें त्याच तेलांत धूळ कालवून तिचा लगदा होतो, आणि पुन्हां मूळपदावर. कोरड्या फडक्यानें आंस पुसला, टोपी बसविली. चाकें अडलीं तरी परीक्षा हीच: दोन्ही चाकें बोटानें फिरवून पाहावींत, जें जड लागेल त्याच्या खांचेंत पाहावें.

दुकानदाराचेंहि कधीं खरें असतें, हें सांगावयास हवें. ब्रश काढूनहि मोटार मुकीच राहिली, तर तिच्यांतील कार्बनचे तुकडे झिजले असतील किंवा वेटोळें खरेंच जळालें असेल. तेव्हां तो भाग बदलण्यास पर्याय नाहीं. जळका वास येऊं लागला अथवा बॅटरी फुगलेली दिसली, तर मात्र घरच्या कोणीहि हत्यारास हात लावूं नये.

यंत्र सुरू झालें, तेव्हां रात्रींचे साडेअकरा वाजले होते. सुटलेला दोरा मीं टेबलावर सरळ पसरून ठेवला. चांगला हातभर भरला. केस त्यांत नव्हते असें नाहीं. ते दर आठवड्यास काढावेच लागतात, आणि हें वहिनींनीं कधीं नाकारलेंहि नव्हतें. पण आंस आवळला होता तो दोऱ्यानें, आणि निर्माल्य काढतांना हार हिसक्यानें ओढून तोडण्याची संवय आमच्या घरांत एकट्या दादांस. दादांनीं चष्मा लावून दोरा निरखून पाहिला. “फुलवाला दोरा मात्र मजबूत वापरतो,” ते म्हणाले, आणि झोपावयास गेले.

सकाळीं यंत्र देवघरासमोरून निमूटपणें पुढें गेलें. मातोश्री खुर्चीवर जप करीत बसल्या होत्या. दादांनीं कालचा हार उतरविला, वहिनींकडे कात्री मागितली, आणि दोरा कापून फुलांसकट परडींत ठेवला.