घरचा कचरा जाळू नका: ‘एवढ्याशा’ धुराने काय होते?

थंडी सुरू झाली की दिघीतल्या माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास वाढते. “डॉक्टर, दिवसा बरं असतं, पण रात्री आणि पहाटे खोकला थांबत नाही.” औषध लिहिण्याआधी मी विचारतो, “घराजवळ कचरा जाळतात का? अंघोळीचा बंब कशाने पेटवता?” बऱ्याचदा उत्तर येते, “थोडासाच असतो हो. भोसरी-चाकणच्या कारखान्यांपुढे आमचा धूर तो केवढा?”

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे नीट उत्तर द्यायला हवे.

घरची आग वेगळी का?

मोशीच्या कचरा डेपोत कचऱ्यापासून वीज तयार करणारा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ पासून सुरू आहे. अशा भट्टीत तापमान साधारण ८५० अंश सेल्सिअसच्या वर ठेवावे लागते. धूर गाळून उंच चिमणीतून सोडावा लागतो. अंगणातली आग मात्र कमी तापमानाला धुमसते, कचरा अर्धवट जळतो आणि धूर थेट आपल्या नाकासमोर येतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही, त्यामुळे हा धूर गल्लीतच साचून राहतो. आग लहान असली, तरी तिचा धूर सर्वात आधी आपल्याच घरात शिरतो.

या धुरात काय असते?

• पीएम २.५: केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक कण. ते फुफ्फुसात खोलवर जातात, काही रक्तातही उतरतात. त्यामुळे दमा बळावतो, हृदयविकाराचा धोका वाढतो.
• कार्बन मोनॉक्साइड: याला रंग किंवा वास नसतो. बंद न्हाणीघरात बंब पेटवल्यास डोके दुखते, चक्कर येते, जीवही जाऊ शकतो.
• डायॉक्सिन: पीव्हीसी पाइप, वायरचे आवरण, रेक्झिन जळताना तयार होते. ते शरीरातील चरबीत वर्षानुवर्षे साठते आणि कर्करोगाला कारणीभूत ठरू शकते.

लहान मुले, गर्भवती, वृद्ध, तसेच दमा, सीओपीडी किंवा हृदयविकार असलेल्यांना जास्त त्रास होतो. रुमाल किंवा कापडी मास्कने हे कण अडत नाहीत.

मग कचऱ्याचे काय करायचे?

• ओला आणि सुका कचरा वेगळा करून घंटागाडीतच द्या. गाडी चुकली, तर सुका कचरा पिशवीत बांधून ठेवा. तो दोन दिवसांत सडत नाही.
• सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्या.
• पालापाचोळा कुंडीत किंवा खड्ड्यात कुजवा, चांगले खत होते.
• बंब पेटवताना प्लास्टिकची पिशवी, थर्माकोल, रबर वापरू नका. कोरडे लाकूड वापरा आणि बंब उघड्यावर ठेवा.
• जळलेल्या प्लास्टिकची राख भाजीच्या कुंडीत टाकू नका आणि तिने भांडी घासू नका.

उघड्यावर कचरा जाळण्यास कायद्यानेही बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये त्यासाठी ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. पण शेजाऱ्यांशी बोलताना दंडापेक्षा घरातल्या लेकराचा खोकला दाखवा. माझ्या अनुभवात त्याचा उपयोग जास्त होतो.

डॉक्टरकडे कधी जावे?

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, छातीत घरघर होत असेल किंवा इनहेलर नेहमीपेक्षा वारंवार लागत असेल, तर तपासून घ्या. दम लागून एक वाक्यही पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल किंवा धुरानंतर गुंगी येत असेल, तर रुग्णाला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच १०८ वर फोन करा.

दम्याचे औषध मी लिहून देऊ शकतो, पण दाराशी रोज धूर होत असेल तर ते औषध अपुरेच पडेल.