पांढऱ्या शाईचा हिशेब

कंधारसारख्या तालुक्याच्या गावी टी-शर्टांवर नावे, चित्रे आणि घोषवाक्ये छापून देण्याचा उद्योग ज्याला आरंभावयाचा असेल, त्याच्यापुढे पहिला प्रश्न यंत्राचा उभा राहतो. आणि नांदेडच्या किंवा हैदराबादच्या विक्रेत्याकडे गेले की त्याचे उत्तर रंगीत माहितीपत्रकासह तत्काळ हाती पडते. मात्र ते यंत्र तासाला किती छापते एवढेच त्या पत्रकात असते. काम नसताना, कोपऱ्यात उभे असताना, त्याचे काय होते हा मजकूर त्यात कोठेही सापडत नाही. माझ्या भाच्याने हा धंदा काढण्याचे मनावर घेतले तेव्हा त्याच्यासमवेत छापणाऱ्यांच्या दुकानांतून मी बराच काळ बसून राहिलो, आणि त्या बैठकीतून माझे मत असे बनले, की या गावी यंत्र निवडावयाचे ते कॅलेंडर पुढ्यात ठेवूनच.

येथील मागणी बारमाही नाही. 19 फेब्रुवारीची शिवजयंती आणि 14 एप्रिलची आंबेडकर जयंती या दोन दिवसांच्या आधी तरुण मंडळांची माणसे दुकानाचा उंबरठा झिजवतात. पुढे गणेशोत्सव, मार्गशीर्षातली माळेगावची खंडोबाची यात्रा, आणि मधूनच एखादी निवडणूक. एप्रिलच्या मध्यापासून जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत हळदीच्या समारंभासाठी दहा-पंधरा नगांचे किरकोळ काम आले तर आले. नेमक्या याच काळात मन्याड नदीच्या खोऱ्यात असे कोरडे ऊन पडते की दौतीतली शाईही वाळावी.

सध्या ज्याचा सर्वत्र बोलबाला आहे ते डीटीएफ यंत्र कापडावर छापतच नाही. ते पारदर्शक फिल्मवर आकृती उलटी छापते, आधी रंग आणि त्यांच्यावर पांढऱ्याचा थर. ओल्या शाईवर चिकट भुकटी पसरून जादा भुकटी झटकतात, उरलेली तापवून वितळवतात, आणि मग ती फिल्म टी-शर्टावर पालथी ठेवून सुमारे दीडशे अंशांच्या उष्णतेवर दहा-पंधरा सेकंद दाबतात. पालथी घातल्याने पांढरा तळाशी जातो व रंग वर येतात, म्हणून काळ्या कापडावरही भगवा भगवाच दिसतो आणि निळा निळाच. सुती, पॉलिएस्टर, मिश्र असा कापडाचा भेद हे यंत्र मानीत नाही, आणि एका नगाचे काम असले तरी त्याची ना नसते. मोह पडावा असाच हा प्रकार आहे.

पण एका दुकानात काही दिवस बंद राहिलेल्या यंत्राची पांढऱ्या शाईची टाकी उघडलेली मी पाहिली. वर पाणीदार दुधी द्रव, आणि तळाशी चुन्याच्या निवळीखाली बसतो तसा घट्ट साका. या शाईतली पांढरी पूड टायटॅनियम डायऑक्साइडची. ती पाण्याहून सुमारे चौपट जड, त्यामुळे ढवळणे थांबले की खाली बसते, आणि छपाईच्या हेडमधल्या ज्या छिद्रांतून ती बाहेर पडावयाची ती तर केसाहूनही बारीक. दुकानदाराने तपासणीचा कागद काढला तेव्हा रंगांच्या रेषा अखंड उमटल्या; पांढऱ्याच्या जागी तुटक तुकडे. “पांढरा बसला की मशीन बसली बघा, मामा,” असे भाचा हळूच म्हणाला. काम असो वा नसो, रोज चार रेघा छापून शाई खेळती ठेवावी लागते, उन्हाळ्यात खोलीत ओलावा राखावा लागतो, आणि पावसाळ्यात तोच ओलावा वाढला की भुकटी फिल्मभर चिकटते. दिवाबत्तीइतक्या निष्ठेने ही सेवा करणारा मनुष्य दुकानात नसेल, तर यंत्राच्या किमतीत बदली हेडची किंमत आरंभीच मिळवून ठेवणे शहाणपणाचे.

सब्लिमेशनच्या यंत्राला ही पीडा नाही, कारण त्यात पांढरी शाईच नसते. पण त्याच्या अटी निराळ्या. कागदावर छापलेले चित्र फिके, मळकट दिसते. दोनशे अंशांच्या आसपास तापवले की रंगाची वाफ होऊन ती पॉलिएस्टरच्या तंतूत शिरते आणि चित्र एकाएकी उजळते. कापड मात्र पॉलिएस्टरचे आणि फिक्या रंगाचेच हवे. सुतावर हा रंग धुण्यात निघून जातो. म्हणून तिरुपूरहून आलेल्या कोऱ्या मालाच्या चिठ्ठीवर विश्वास न ठेवता जुने दुकानदार शिवणीतला एक धागा ओढून पेटवतात: सूत कागदासारखे जळून त्याची राख होते, पॉलिएस्टर आक्रसून काळा कठीण मणी होतो, आणि मिश्रण असेल तर राखेतही खडा लागतो. क्रिकेटच्या संघांचे कपडे करावयाचे असतील तर सब्लिमेशन उत्तम. जयंतीच्या काळ्या टी-शर्टांना ते निरुपयोगी.

जी पद्धत आता जुनाट म्हणून दुर्लक्षिली जाते त्या स्क्रीन छपाईची थोरवी पाहावयाची तर दृष्टी नांदेडकडे वळवावी. तेथील मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते, आणि त्यांची खादी उदगीरच्या केंद्रात विणली जाते. 2002च्या ध्वजसंहितेने अशोकचक्र शक्यतो स्क्रीनने छापावे असे म्हटले असून, ते ध्वजाच्या दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसले पाहिजे असा दंडक घातला आहे. एक निळा रंग, चोवीस आरे, आणि तीच आकृती पुन्हा पुन्हा: अशा कामाला ताणलेली जाळी, लाकडी चौकट आणि रबराची पट्टी यांहून स्वस्त साधन अद्याप निघालेले नाही. मंडळाचे एकरंगी पाचशे टी-शर्ट हे याच जातीचे काम होय. प्रत्येक रंगाला स्वतंत्र चौकट लागते हा तिचा दोष खरा, परंतु काम संपले की चौकट धुऊन भिंतीला टेकवावी आणि शिवजयंतीपर्यंत तिच्याकडे पाहूही नये. शिवाय डीटीएफचा छातीभर थर मे महिन्यात अंगावर रबरी चादरीप्रमाणे घाम कोंडतो, हे मांडणीतला नमुना पाहून कळत नाही. तो घालून दुपारी बाजारात एक फेरी मारावी.

या साऱ्या विचाराअंती भाच्याने छापणारे यंत्र घेण्याचे तूर्त तहकूब केले. त्याने दाबयंत्र घेतले आणि दोन चौकटी बनवून घेतल्या. एकरंगी घाऊक काम तो स्वतः हाताने करतो; बहुरंगी किरकोळ काम आले की बयाणा घेऊन आकृत्या मीटरभर फिल्मवर दाटीने बसवतो, नांदेडच्या छापणाऱ्याकडे पाठवतो, आणि फिल्म एसटीने आली की घरी दाबून देतो. त्यात नफ्याचा एक वाटा नांदेडला जातो हे उघड आहे. पण पांढऱ्या शाईची चाकरीही नांदेडच करते. वहीत दरमहा किती मीटर फिल्म बाहेरून आली याचा स्वतंत्र रकाना त्याने आखला आहे, आणि तो आकडा मे महिन्यातही घसरला नाही तरच यंत्राच्या कर्जासाठी बँकेत अर्ज करावयाचा, असे ठरले आहे.