पाटीवर आकडा आहे, नावं कुठे?

आज युद्धस्मारकांविषयी बोलू. तालुक्याच्या गावी बागेत, चौकात, कचेरीच्या आवारात सैनिकांचे पुतळे, चौथरे दिसतात ना, ती स्मारकं. बाजाराच्या दिवशी त्यांच्या सावलीत आपण पिशव्या टेकवतो, पण पाटी काही वाचत नाही.

रायगड जिल्ह्यात माणगावला तहसील कचेरीच्या आवारात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. मराठा पलटणीतले हे जवान 10 जुलै 1944 रोजी इटलीत लढताना पडले, तेव्हा त्यांचं वय अवघं 22 होतं. मरणानंतर त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोंटोने गावातही 2023 मध्ये त्यांच्या नावाचं स्मारक झालं. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे.

असं नाव फार थोड्यांच्या वाट्याला आलं. 1914 ते 1918 च्या पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून 13 लाखांवर माणसं गेली. सुमारे 74 हजार परतली नाहीत. सातारा, रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत इंग्रज सरकारनं तेव्हा संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके लढाईवर गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढंच त्यांवर इंग्रजीत कोरलेलं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावचे 46 जण त्या युद्धात गेले असं सांगतात. एका गावची 46 घरं! पण ती कुणाची, ते अशी पाटी सांगत नाही.

आपली बरीच माणसं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होती. कूत नावाच्या गावात डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत फौज वेढ्यात अडकली. त्यात मराठा पलटणीही होत्या. अन्न संपलं, घोडी मारून खायची वेळ आली. शेवटी शरण जावं लागलं, आणि पुढे कैदेत कितीतरी मेले. तिकडे बसऱ्याला मोठं स्मारक आहे. त्यावर अंमलदारांची नावं आहेत, पण हिंदी शिपायांची पलटणीवार नुसती संख्या. गावात आकडा, तिकडेही आकडा.

आपल्या जुन्या वीरगळांवरही बहुधा नाव नसतं. देवळाबाहेर शेंदूर लावून ठेवलेला दगड नीट बघा. खाली लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शंकराची पिंडी आणि चंद्र-सूर्य. शेजारी बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. ती चाल गेली ते फार चांगलं झालं. पण घरातल्या बाईची खूण निदान त्या दगडावर होती. संगमरवरी पाटीवर तीही नाही.

मग नावं कुठे शोधायची? आधी माळ्यावरची ट्रंक उघडा. पहिल्या महायुद्धाचं पदक असेल तर त्याच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. शिपायांची ती पदकं चांदीची होती, म्हणून अनेक सोनाराकडे गेली आणि वितळली. मजूर-हमालांच्या पलटणींना ब्राँझची मिळाली. ती तांब्या-पितळेच्या भावात गेली. तुमच्याकडे उरलं असेल तर राख-चिंचेनं घासू नका, अक्षरं झिजतात.

नाव-नंबर हाती आलं की शाळेतल्या मुलीला मोबाईलवर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची यादी उघडायला सांगा. ती फुकट बघता येते. त्यात पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका सापडतो. स्पेलिंग मात्र साहेबानं ऐकलं तसं लिहिलेलं, तेव्हा चार तऱ्हांनी शोधा. स्वातंत्र्यानंतरच्या लढायांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

गटाच्या बैठकीत एक वही त्यासाठी ठेवा. आणि पाटीवर चुना किंवा ऑइलपेंट मारायला कुणी आलं तर त्याला थांबवा. पाणी आणि मऊ फडकं पुरतं.

वहीत एक रकाना आईचा आणि एक बायकोचाही आखा. सरकारी कागदात बापाचं नाव मिळेल, आईचं क्वचितच. आजेसासूचं नाव सांगू शकतील अशा म्हाताऱ्या गावात आता दोन-चारच असतील. सुरुवात त्यांच्या ओसरीवरून करा.