गर्भाशयातील फायब्रॉइडवरील अल्पछेदी उपचार

गर्भाशयाच्या भिंतीतील स्नायूंपासून वाढणाऱ्या व बहुधा कर्करोग नसलेल्या गाठींना फायब्रॉइड म्हणतात. अनेक स्त्रियांना त्यांचा काहीही त्रास होत नाही व उपचारांचीही गरज नसते. मात्र अतिरिक्त रक्तस्राव, त्यातून उद्भवणारा रक्तक्षय, ओटीपोटातील जडपणा, वारंवार लघवी किंवा वंध्यत्व आढळल्यास उपचार करावे लागतात. पोटावर मोठा छेद न घेता केलेल्या उपचारांना अल्पछेदी उपचार म्हणतात.

उपचारांचे प्रकार

* दुर्बिणीद्वारे गाठ काढणे: पोटावरील लहान छिद्रांतून गाठ काढून गर्भाशयाची भिंत शिवली जाते. गर्भधारणेची इच्छा असलेल्या स्त्रियांसाठी सामान्यतः हा मार्ग निवडतात.
* योनिमार्गे दुर्बीण: गाठ गर्भाशयाच्या पोकळीत डोकावत असल्यास छेदाशिवाय काढता येते.
* रक्तवाहिनी रोधन: जांघेतील वा मनगटातील धमनीतून नळी सरकवून, सूक्ष्म कणांनी गाठीचा रक्तपुरवठा थांबवतात, गाठ हळूहळू आक्रसते. फ्रान्समधील जाक राव्हिना व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली.
* केंद्रित ध्वनिलहरी: एमआरआय किंवा सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली उष्णतेने गाठ नष्ट करतात. अमेरिकेत या उपचारास २००४ मध्ये मान्यता मिळाली.

मर्यादा

गर्भाशय कायम राहत असल्याने नव्या गाठी उद्भवू शकतात. कोणता उपचार योग्य, हे गाठीचे स्थान, आकार, संख्या, वय व अपत्याची इच्छा यांवर ठरते. कर्करोगाचा संशय असल्यास गाठीचे पोटात तुकडे करणे धोक्याचे ठरते.

महाराष्ट्रातील संदर्भ

बोलीभाषेत 'पिशवी काढणे' म्हटली जाणारी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया काही रुग्णांना आवश्यक असते. परंतु ती एकमेव उपाय नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांवरील अशा शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणातील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिले. अंडाशयही काढल्यास रजोनिवृत्ती तत्काळ येते व हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो.

सिंधुदुर्ग जिल्हा

जिल्ह्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ओरोस येथे आहे. विशेष उपचारांसाठी मालवण, सावंतवाडी, दोडामार्ग परिसरातील रुग्ण गोव्यातील बांबोळी येथील वैद्यकीय महाविद्यालयातही जातात. रक्तवाहिनी रोधनासाठी अँजिओग्राफी यंत्रणा व प्रशिक्षित क्ष-किरणतज्ज्ञ लागतात. त्यामुळे हा उपचार प्रामुख्याने मोठ्या शहरांत होतो. शस्त्रक्रियेपूर्वी सोनोग्राफीचा अहवाल घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घेणे हिताचे ठरते.