स्माईल मेकओव्हरमध्ये नक्की काय करतात? विनियर, कॅप आणि बाँडिंगमधला फरक समजून घ्या

रीलमध्ये आधी पिवळट, वाकडे दात दिसतात. मग एक कट, आणि लगेच बाथरूमच्या टाइल्ससारखी पांढरीशुभ्र बत्तिशी. मधे काय झालं ते कुणी दाखवत नाही. खाली फक्त लिहिलेलं असतं, 'स्माईल मेकओव्हर, दोन सिटिंगमध्ये'.

मुळात या नावाची एकच अशी ट्रीटमेंट नसते. या पॅकेजमध्ये नुसती दातांची सफाई असू शकते, आणि दहा निरोगी दात तासून त्यांवर बसवलेल्या कॅपही असू शकतात. 'आफ्टर'चा फोटो सारखाच दिसतो. फरक असतो तो आत शिल्लक राहिलेल्या दातात.

इनॅमल परत येत नाही

दाताचं बाहेरचं आवरण म्हणजे इनॅमल. आपल्या शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ, सुमारे ९६ टक्के खनिज. पण तो तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात. मोडलेलं हाड जुळतं, गेलेलं इनॅमल पुन्हा तयार होत नाही. समोरच्या दातांवर त्याची जाडी साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असते, हिरडीजवळ त्याहून कमी. त्यामुळे कुठलीही ट्रीटमेंट सुचवली की पहिला प्रश्न किमतीचा नको. 'यात माझा दात किती तासणार?' हा हवा.

विनियर आणि कॅप एक नाहीत

फर्निचरवर सनमायका चिकटवतात ना, तसंच काहीसं विनियरचं. सिरॅमिकची किंवा कंपोझिटची पातळ चकती दाताच्या फक्त पुढच्या बाजूला चिकटवतात. त्यासाठी बहुतेक वेळा अर्धा मिलिमीटरच्या आसपास थर काढावा लागतो. क्राउन, म्हणजे आपण ज्याला कॅप म्हणतो ती, टोपीसारखी पूर्ण दातावर बसते. त्यासाठी दात चारी बाजूंनी आणि वरून तासावा लागतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समोरच्या दातांचा किती भाग जातो हे मोजलं होतं. विनियरसाठी ३ ते ३० टक्के, तर पूर्ण सिरॅमिक क्राउनसाठी ६३ ते ७२ टक्के.

रूट कॅनाल झालेल्या किंवा बराचसा तुटलेल्या दाताला कॅप आधार देते, तिथे ती हवीच. पण धडधाकट दाताला फक्त रंगासाठी कॅप म्हणजे उगाच दिलेली किंमत आहे. ब्रिटनमध्ये याला 'टर्की टीथ' असं नावच पडलंय. स्वस्तात काम होतं म्हणून लोक तुर्कीला गेले, आणि तासून खुंट्यांसारख्या उरलेल्या दातांचे त्यांचे व्हिडिओ व्हायरल झाले. त्यातल्या अनेकांना आपण विनियरच करून घेतोय असं वाटत होतं. एवढा तासलेला दात पुढे ठणकू शकतो, कधी कधी रूट कॅनालपर्यंत प्रकरण जातं.

विनियरची सुरुवात मात्र दात न तासताच झाली होती. १९३०च्या सुमाराला कॅलिफोर्नियातले डेंटिस्ट चार्ल्स पिंकस हॉलिवूडच्या कलाकारांना शूटिंगपुरत्या चकत्या लावून द्यायचे, काम झालं की त्या काढायच्या. कायमचं चिकटवायचं तंत्रच नव्हतं. १९५५ मध्ये मायकल ब्युनोकोर यांनी दाखवलं की आम्लाने इनॅमल किंचित खरबरीत केलं की रेझिन त्याला घट्ट धरतं. आजही ही पकड सगळ्यात चांगली इनॅमलवरच बसते. म्हणजे दात जास्त तासला, तर चिकटवण्याची जागाच खराब होते.

चांगलं सिरॅमिक विनियर साधारण १० ते १५ वर्षं टिकतं. बाविसाव्या वर्षी बसवलं, तर आयुष्यात किती वेळा बदलावं लागेल ते मोजा.

मग कमी नुकसानीचे पर्याय कोणते?

सगळ्यात आधी स्केलिंग. चहा, तंबाखू, मिश्रीचे डाग आणि किटण यानेच निघतं. 'साफ केले की दात हलायला लागतात' हे घराघरांत ऐकू येतं. हिरडी आधीच खराब झालेली असते, किटणामुळे ते लपलेलं असतं, एवढंच.

ब्लीचिंग म्हणजे पेरॉक्साइडने रंग उजळवणं. याने काही दिवस दात शिवशिवतात, पण दात तासला जात नाही. पूर्वीच्या कॅपचा किंवा सिमेंटचा रंग मात्र याने बदलत नाही, त्यामुळे पुढे एखादं सिमेंट बदलायचं असेल तर ब्लीचिंग आधी. आणि कोळशाच्या पावडरी विसरा. दाताचा पिवळसरपणा इनॅमलच्या आतल्या डेंटिनचा असतो. वरचा थर घासून पातळ केला, तर दात उलट जास्तच पिवळा दिसेल.

यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवरचे तपकिरी डाग ना घासून जातात, ना नुसत्या ब्लीचिंगने पूर्ण जातात. तिथे मायक्रोअब्रेजन, म्हणजे अगदी वरचा, केसाएवढा थर घासून काढणं, किंवा पांढऱ्या डागांत रेझिन मुरवणं हे पर्याय असतात. विनियरचा विचार त्यानंतर.

छोटी फट किंवा तुटलेला कोपरा असेल तर कंपोझिट बाँडिंग पाहा. दाताच्या रंगाचं रेझिन थेट दातावर लावून आकार देतात, बऱ्याचदा अजिबात न तासता. चार-सहा वर्षांत त्यावर डाग पडतात, कडा उडते, पण दुरुस्ती सोपी. दात वाकडेच असतील तर त्यांना सरकवायला ब्रेसेस किंवा अलायनर आहेत. महिने जातात, नंतर रिटेनरही वापरावा लागतो. लग्न दीड महिन्यावर आल्यावर क्लिनिक गाठणाऱ्यांना हा पर्याय नकोसा वाटतो आणि नेमके तेच दात तासून 'सरळ' करून घेतात.

रंगाचंही एक. डेंटिस्टकडे रंगाच्या दुकानातल्या शेडकार्डसारखी पट्टी असते. सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या विटा पट्टीत १६ नैसर्गिक छटा आहेत. रीलमधला पांढरा रंग त्यांत नाही, त्यासाठी वेगळ्या 'ब्लीच शेड' काढाव्या लागल्या.

तरीही विनियर करायचंच ठरलं, तर आधी मॉक-अप मागा. दात न तासता तात्पुरत्या मटेरियलचा नमुना तोंडात बसवून दाखवतात. संगणकावरचा फोटो म्हणजे मॉक-अप नव्हे. बोलून बघा, हसून बघा, घरच्यांना दाखवा. आणि अंदाजपत्रकावर नुसतं 'स्माईल डिझाईन' लिहिलेलं चालवून घेऊ नका. कोणता दात, त्यावर विनियर की क्राउन, आणि मटेरियल कोणतं, हे प्रत्येक दातासमोर लिहून घ्या.