चैत्रातली कोशिंब
इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे पावसाळ्यात दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तरी मार्चमध्ये हरसूलच्या वाटेवर मला सागाचं रान खराट्यासारखं उभं दिसतं. कारण पायाखाली आहे. उतारावर बसाल्टवर जेमतेम वीतभर माती, खाली मुरूम. वरची ओल दिवाळीनंतर झपाट्याने उडते. साग पानं गाळून पाणी वाचवतो. पानं धरून ठेवली, तर खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत हवेचे बुडबुडे शिरून फांद्या वाळू शकतात. ऐनाची तऱ्हा निराळी, त्याच्या काही खोडांत चक्क पाणी साठतं! पण माझी लाडकी कोशिंब. पावसाला दोन महिने असताना, भर चैत्रात ती लालभडक पालवी काढते. खोल गेलेल्या मुळांना खडकाच्या फटींतली ओल मिळते, म्हणून हे जमतं. कोवळ्या रोपांची मुळं तिथवर पोचत नाहीत; पाऊस लांबला की आधी तीच माना टाकतात.